सुतरफेणी

मंगळ, गुरू, शनी
ताडदेवच्या एका जाळीच्या लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जातो
आणि एका मांजरीचे केस विंचरतो.
घरी सांगितलंय, पार्टटाइम काम आहे.
खोटं नाही ते.

सव्वीस वर्षं कार्डिंग खात्यात होतो.
होमाईबाईंनी विचारलं, 'केसांचा गुंता सोडवता येते काय रे तुला?'
म्हटलं, बाई, दुसरं काय केलं?

सुतरफेणी तिचं घरातलं नाव.
पांढरी नाही ती, नीट बघा:
सायीवर केशराची एक काडी रात्रभर राहिली
तर जो रंग चढतो, तो.
अंगावर दोन थर. वरचा लांब, सरळ, दिखाऊ.
खालचा आखूड, मऊ,
आणि सगळी भानगड खालच्यात.
तोंड असं, की ओल्या पिठात
कुणी अंगठा दाबून विसरून गेलंय.
डोळे तांब्याचे, सतत पाझरणारे.
पहिल्या दिवशी वाटलं, रडतेय.
'रडते नाय रे,' बाई म्हणाल्या,
'माणसांनी शंभर वर्स तोंड चपटा केला तिचा,
तर पाणी जाणार कुठे?'

तिची फाइल आहे. फाइलीत पाच पिढ्या.
खापरपणजोबाला कुठल्याशा प्रदर्शनात चांदीचं ताट.
जन्म अकरा फेब्रुवारी, पहाटे चार दहा.
माझा एक जून.
माझ्या भावाचाही एक जून.
वाडीतल्या निम्म्या पोरांना मास्तरांनी
एकाच बैठकीत जन्माला घातलं.
आजोबांच्या पलीकडचं नाव मला ठाऊक नाही.
तिच्या कागदात मात्र एकच बोका दोनदा येतो,
एकदा बापाचा बाप म्हणून, एकदा आईचा.
आमच्यात ह्यावर सोयरीक मोडली असती.
कागदात त्याला शुद्ध म्हणतात.

'ही इराणची,' होमाईबाई सांगतात,
'आमी पण तिथूनच आला.'
मग एक सौदागर, खोरासान, थैलीत मांजर, उंट.
दर वेळी उंट वाढतात.
परवा डॉक्टर बांदिवडेकर सुई मारता मारता बोलून गेले,
रक्त तपासलंय लोकांनी,
हिचं गोत विलायतेतल्या मांजरांशी जुळतं,
इराणशी नाही.
बाई गप्प.
मग हसल्या, कवळी न लावताच:
'तर काय झाला? हज्जार वर्सांनी
माझा रक्त काढशील
तर संजाणचा तांदूळच निघेल ने.'

स्वभावानं गरीब. उडी नाही, पडदा फाडणं नाही.
आवाज एवढासा,
बिजागरीला तेल हवं असल्यासारखा.
खिडकीत कबूतर आलं तर बघते,
रविवारी मुनीम चोपडीकडे बघतो तशी.
ग्रँट रोडच्या मासळीबाजारातला एक कानफाट्या बोका
जिना चढून येतो, दाराच्या फटीशी बसतो.
हिचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही.
त्याचं आहे.

फक्त काखेतला गुंता सोडवताना
पंजा माझ्या मनगटावर ठेवते.
नखं आत. नुसता ठेवते.
सव्वीस वर्षांत एकाही मशीननं
मला असं सांगितलं नव्हतं,
की जरा हळू.

निघालेले केस फेकायचे असतात.
मी बिस्किटाच्या डब्यात घालतो. का, विचारू नका.
काल बसस्टॉपवर चिमूटभर काढले,
मांडीवर ठेवून बोटांनी पीळ दिला, सवयीनं.
धागा निघाला.
वीतभर, वीस काउंटचा असेल, जरा कच्चा.
घरी येऊन सुईत घालून बघितला.
तिसऱ्या खेपेला गेला.
नात म्हणाली, कसला हो आजोबा?
म्हटलं, इराणी.